ते काय असेल, आणि पैसे भरायचे का?

पत्र:

नमस्कार बाई, आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. ह्यांनी मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत तीस वर्षं इनवर्ड इन्स्पेक्शनला काढली, मागच्या मार्चमधे रिटायर झाले. गेले तीन महिने ह्यांच्या व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, तिथे सगळे एका नवीन शोधाबद्दल बोलतात. नाव कुणी सांगत नाही, नुसतं 'ते' म्हणतात. दिवाळीनंतर बाहेर येणार आहे. जेवणाच्या डब्याएवढं आहे, हवा, पाणी आणि वीज तिन्हींशी संबंध आहे, पेटंट पेंडिंग आहे आणि ते आलं की पाच वर्षांत कुणाच्या घरात गॅसचा सिलिंडर दिसणार नाही, एवढंच सांगतात. आमच्या एरियाची एजन्सी हवी तर साडेतीन लाख डिपॉझिट, शेवटची तारीख ३०. हे म्हणतात पाण्यावर चालणारी शेगडी आहे. रविवारी मित्र सेव उसळ खायला जमतात तिथेपण हाच विषय. मुलगा पुण्याहून फोनवर भांडतो, मग हे रागाने जेवत नाहीत. पैसे भरू द्यायचे का? आणि खरं सांगू का बाई, रात्री मलापण झोप येत नाही, काय असेल हो ते?

उत्तर:

ताई, पैशाचं आधी सांगून टाकते म्हणजे तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. नका भरू. साडेतीन लाख नाही, साडेतीन हजारपण नाही. का ते पुढे सांगते, पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, आणि मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे, कारण तुमच्या मिस्टरांना झोप लागत नाहीये तीपण त्याच प्रश्नाने, साडेतीन लाखांनी नाही.

मी जानेवारी २००१ मधे इथेच एका शाळेत नववीला फिजिक्स शिकवत होते. तेव्हा अमेरिकेतून एक बातमी आली होती, तुम्हाला आठवत नसेल. डीन केमन नावाचे एक संशोधक, साधेसुधे नाहीत, कॉलेजात असतानाच आपोआप औषध टोचणारा पंप बनवलेला माणूस, ते काहीतरी गुप्त बनवतायत, नाव माहीत नाही, नुसतं 'इट' म्हणतात, म्हणजे 'ते', अगदी तुमच्या ग्रुपसारखं, आणि आतलं टोपणनाव जिंजर. त्यावरच्या एका पुस्तकाचा प्रस्ताव फुटला, प्रकाशकाने अडीच लाख डॉलर मोजले होते आणि वस्तू काय आहे ते त्यालाही सांगितलेलं नव्हतं. त्यात ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्ज यांचं मत होतं की लोकांनी हे बघितलं की शहरं याच्या हिशोबाने बांधली जातील. जॉन डोअर म्हणून मोठे गुंतवणूकदार, त्यांना हे इंटरनेटपेक्षाही मोठं वाटत होतं. ॲमेझॉनचे जेफ बेझोसही खूश. एवढी माणसं एवढं बोलल्यावर जगाने तर्क करायला सुरुवात केली, हवेत तरंगणारी गाडी, हायड्रोजनवर चालणारं इंजिन, गुरुत्वाकर्षण बंद करणारं यंत्र, काही जण तर एका जागेवरून दुसऱ्या जागी माणूस पाठवायचं मशीन म्हणून मोकळे झाले.

उत्तरायण तोंडावर आलेलं, मुलांचं वर्गात लक्ष नाही, सगळ्यांची बोटं मांज्याने कापलेली. म्हटलं चला, याचाच तास करूया. बोर्नव्हिटाचा एक रिकामा डबा होता टेबलावर खडू ठेवायला, तो मोकळा केला आणि सांगितलं प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहा ते काय असेल. घरी येऊन त्या चिठ्ठ्या ओट्यावर पसरून वाचल्या आणि ताई, मला इतकं काही कळलं त्या मुलांबद्दल की वर्षभराच्या वह्या तपासून कळलं नव्हतं. ज्याचे वडील रोज सायकलने फॅक्टरीत जायचे त्याने लिहिलं पेट्रोलशिवाय पळणारी लुना. एका मुलीने लिहिलं घरातलं पाणी स्वतःच भरून ठेवणारा हंडा, ती पहाटे पाचला नळावर उभी राहायची हे मला माहीतच नव्हतं. एक अगदी गप्प बसणारा मुलगा होता, पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीतल्या, जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहायचा, त्याने लिहिलं 'आजोबांना जिना चढवणारी खुर्ची'. मला ती चिठ्ठी अजून आठवते, पेन्सिलने लिहिलेली, 'चढवणारी' खोडून परत लिहिलेलं.

आणि गंमत बघा, जिना चढणारी व्हीलचेअर त्याच केमन यांनी आधीच बनवलेली होती. जिंजर हे नाव त्या खुर्चीमुळेच पडलं, खुर्चीचं टोपणनाव फ्रेड, जुन्या हॉलिवूडमधे फ्रेड ॲस्टेअर आणि जिंजर रॉजर्स ही नाचणारी जोडी होती, एकाचं नाव ठेवलं म्हणून दुसऱ्याचं जिंजर. म्हणजे जो माणूस खुर्चीला चाकांवर तोल सांभाळायला शिकवतो तो पुढे काय बनवेल याचा माग तिथेच होता. एवढंच नाही, जानेवारीतच काही लोकांनी केमन यांच्या पेटंटचे कागद शोधून काढले होते, त्यात चाकांवर उभ्याने चालवायच्या गाडीचं चित्र होतं, आणि ते सांगत होते की बाबांनो ही स्कूटर आहे.

कुणी ऐकलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं ताई, म्हणून जरा थांबून सांगते. बरोबर उत्तर पहिल्या काही दिवसांतच टेबलावर होतं आणि लोकांनी ते बाजूला सारलं, चुकीचं होतं म्हणून नाही तर छोटं होतं म्हणून. इंटरनेटपेक्षा मोठं आणि स्कूटर? छे, असं कसं होईल, हे तर दिशाभूल करायला मुद्दाम सोडलंय. एकदा मनाने मोठी किंमत लावली की साधं उत्तर खोटंच वाटायला लागतं.

मग २६ जानेवारीला भूकंप झाला आणि जिंजरबिंजर कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. ३ डिसेंबर २००१ ला न्यूयॉर्कमधे टीव्हीवर पडदा उघडला आणि निघाली स्कूटरच. सेगवे. दोन चाकं शेजारी शेजारी, मधे उभं राहायचं, पुढे झुकलात की पुढे जाते, मागे झुकलात की थांबते, आत पाच जायरोस्कोप, म्हणजे गाडी किती कलली ते ओळखणारे भाग, आणि सेकंदाला शंभर वेळा तोल तपासणारं सर्किट. मी तुम्हाला शिक्षिका म्हणून सांगते, यंत्र फार सुंदर होतं. आपण चालताना जे करतो, पुढे पडता पडता पाय टाकून सावरतो, तेच ते चाकांनी करायचं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण वजन ३८ किलोच्या आसपास, वेग ताशी २० किलोमीटर, किंमत पाच हजार डॉलर, त्यावेळच्या भावाने दोन लाखांच्या वर, म्हणजे इथे साधारण तेवढ्यात मारुती ८०० यायची. फुटपाथवर चालवली तर लोक ओरडणार, रस्त्यावर काढली तर गाड्या. सॅन फ्रान्सिस्कोने २००२ मधेच फुटपाथवर बंदी घालून टाकली. फॅक्टरी बांधली होती महिन्याला ४० हजार गाड्या काढायच्या हिशोबाने, आणि सप्टेंबर २००३ मधे बॅटरी उतरली की माणूस पडतो म्हणून सगळ्या गाड्या दुरुस्तीला परत मागवल्या तेव्हा कळलं की विकल्यात जेमतेम सहा हजार. २०२० मधे बनवणं बंद झालं तोवर साधारण एक लाख चाळीस हजार खपल्या होत्या. भागाकार करून बघा, जवळपास वीस वर्षांचा खप म्हणजे त्या फॅक्टरीचा साडेतीन महिन्यांचा माल.

आणि एक गोष्ट नंतर कळली, ज्या जॉब्ज यांचं कौतुक जगभर छापलं गेलं त्यांनीच आतल्या मीटिंगमधे त्याच्या डिझाइनवर सडकून टीका केली होती. कौतुक बाहेर आलं, टीका आतच राहिली. तुमच्या ग्रुपवरपण काय बाहेर येतं आणि काय आत राहतं ते तुम्हाला दिसणार नाही, अ‍ॅडमिन ठरवतो.

आता तुमच्या 'ते'कडे येऊ. तुम्ही विचारलंत काय असेल, तर मी तर्क सांगते, आणि तर्क करताना स्वप्नाकडून नाही, दिलेल्या खुणांकडून सुरुवात करते. डब्याएवढं. हवा, पाणी, वीज. सिलिंडर जाणार.

पाण्यावर चालणारी शेगडी, असं तुमचे मिस्टर म्हणतात. पाण्यात हायड्रोजन आहे, हायड्रोजन जळतो, म्हणून पाणी जळेल, हे ऐकायला पटतं. पण पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन आहे ताई, ती राख आहे. चुलीतली राख परत पेटवायची असेल तर आधी तिचं लाकूड करावं लागेल, आणि त्याला जेवढी शक्ती लागेल त्यापेक्षा जास्त ते लाकूड जळून परत देणार नाही. पाणी फोडायला वीज घालायची, निघालेला गॅस जाळायचा, जेवढी घातली त्यापेक्षा कमीच उष्णता हातात येणार, कारण मधे गळती आहेच. पाण्यापासून गॅस करायची मशीनं असतात, अगदी खरी असतात, सोनार लोक दागिने झाळायला वापरतात, बारीक स्वच्छ ज्योत मिळते म्हणून. पण ती पाण्यावर चालत नाहीत, विजेवर चालतात. तसंच विजेने हवेतून ज्योत काढणाऱ्या शेगड्याही आहेत, चीनमधे बनतात, तिथे हवा आणि वीज दोन्ही खुणा जुळतात.

सिलिंडरचा हिशोबपण करून टाकूया, मिस्टरांना आवडेल. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधे जी उष्णता असते ती विजेच्या भाषेत सांगायची तर १८० युनिटच्या आसपास. शेगडीवर त्यातली बरीच इकडेतिकडे जाते, तरी शंभराच्या वर युनिट भांड्याला लागतात. जो कुठला डबा सिलिंडर घालवणार आहे त्याला ही शंभरावर युनिटं कुठूनतरी आणावीच लागतील, आणि खुणांमधे शक्ती देणारी गोष्ट एकच आहे, वीज. हवा आणि पाणी स्वतःहून काही देत नाहीत. म्हणजे सिलिंडर गेला तरी मीटर पळणार.

तर माझा तर्क असा आहे की ते विजेवर चालणारं, ज्योत दाखवणारं शेगडीसारखं काहीतरी आहे, जे जगात आधीपासून आहे, बाहेरून बॉक्स छान केलाय. किंवा काहीच नाहीये, अजून कुणी बनवलेलंच नाही. इंडक्शनचं चांगलं भावंड असेल तर वाईट वस्तू नाही हां, मी घेईनपण कदाचित, दुकानात बघून. पण त्यासाठी एरियाची एजन्सी साडेतीन लाखांना कुणी घेत नसतं. मला माहितीये हे उत्तर छोटं वाटेल.

गुप्त का ठेवलंय मग, असं मिस्टर विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. शोध पेटंटचा अर्ज करायच्या आधी जगजाहीर केला तर नवेपणा जातो आणि पेटंट मिळायला अडचण होते, म्हणून अर्ज होईपर्यंत तोंड बंद ठेवणं हे शहाणपणच आहे, त्यात काळंबेरं काही नाही. पण तुमच्या ग्रुपवाले म्हणतात पेटंट पेंडिंग आहे. पेंडिंग म्हणजे अर्ज झाला. अर्ज झाला की त्याच दिवशी नंबर मिळतो आणि तुमचा हक्क त्या तारखेपासून धरला जातो, मग दाखवायला भीती कसली? अर्जाचा नंबर मागा. आपल्या देशात अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पेटंट ऑफिसच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतो, कंपनीच्या नावाने किंवा संशोधकाच्या नावाने शोधता येतो. गुजरातचे अर्ज मुंबई ऑफिसकडे जातात. अठरा महिने झाले नसतील तर मजकूर दिसणार नाही, पण नंबर आणि तारीख सांगायला काय जातंय. आणि ज्याला नंबर मागितल्यावर राग येतो त्याच्याकडे नंबर नसतो, हे मी खात्रीने सांगते.

बंद दाराकडे बघून आत काय आहे ते कळत नाही, सेगवे असतानाही दार बंद होतं आणि थेरॅनोस असतानाही. थेरॅनोस माहीत असेल, अमेरिकेतली रक्ततपासणीची कंपनी, २००३ मधे सुरू झाली, बोटाच्या एका थेंबात ढीगभर तपासण्या करतो म्हणाली, मशीन कुणाला उघडून दाखवलं नाही, आमचं व्यापारी गुपित आहे म्हणून. किंमत गेली ९ अब्ज डॉलरवर. २०१५ मधे वर्तमानपत्रात बाहेर आलं की मशीन सांगतात तसं चालतच नाही, आणि २०२२ मधे ती कंपनी काढणाऱ्या एलिझाबेथ होम्स यांना अकरा वर्षांच्या वर शिक्षा झाली. वर्तमानपत्रांचे मोठे मालक रूपर्ट मरडॉक यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाचे सुमारे बारा कोटी डॉलर बुडाले त्यात. मुलगा पुण्याहून भांडतो तेव्हा त्याला सांगा की बाबा फसले तर ते अडाणी आहेत म्हणून नाही, त्याने तो सूर आधी बंद करावा.

फरक कुठे आहे ते सांगते. केमन यांच्याकडे जॉब्ज, बेझोस, डोअर आले ते त्या गाडीवर उभे राहून, चालवून गेले. न बघता पैसे मोजले ते पुस्तकाच्या प्रकाशकाने, तेही पुस्तकासाठी. आणि याचं आपल्या वडोदऱ्याचं उदाहरण द्यायला मला फार आवडतं. सयाजीरावांनी १८९० मधे कलाभवन काढलं, कला आणि तंत्र शिकवणारी संस्था, तिथे शिकून गेलेल्यांत दादासाहेब फाळके होते. १९१२ मधे ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, सिनेमा काढायचाय, पैसे नाहीत, आणि आपल्याकडे तो कुणी काढलेला नाही, मग कोण देणार? फाळक्यांनी असं नाही सांगितलं की गुप्त आहे, आधी पैसे टाका. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज त्याची थोडी थोडी फिल्म घेत गेले, दाणा फुटतो, कोंब येतो, वेल वर चढतो, आणि मिनिटाभरात ते सगळं पडद्यावर धावतं. 'अंकुराची वाढ'. ते निवडक लोकांना दाखवलं आणि मग कर्ज मागितलं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले त्यांनीपण नवऱ्याचं काम डोळ्यांनी बघितलेलं होतं, अंधारात हातभार लावलेला होता. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला. एक वाटाणा दाखवायला काय लागतं हो? तुमच्या ग्रुपवाल्यांनी तीन महिन्यांत एक वाटाणा दाखवला नाहीये.

माझ्या स्वतःच्या घरातलं एक सांगते. २००९ ची गोष्ट, आमच्या ह्यांनी वीज वाचवणाऱ्या बॉक्सची एजन्सी घेतली होती, साठ हजार भरून. प्लगमधे लावायचं, हिरवा दिवा लागतो, बिल तीस टक्के कमी. मी फिजिक्सची बाई, पण मला विचारलं नाही, कारण मी नाही म्हणेन हे त्यांना माहीत होतं, आणि ते मला आजही लागतं, की माझ्या घरात माझ्या नवऱ्याला मला विचारायची भीती वाटली. बिल कमी झालं नाही तेव्हा एका रात्री जेवणाच्या टेबलावर स्क्रूड्रायव्हरने तो बॉक्स मी उघडला. आत एक कपॅसिटर, एक हिरवा एलईडी, आणि तळाशी काळ्या डांबरासारख्या गोळ्यात घट्ट बसवलेले खडे, वजन लागावं म्हणून. कपॅसिटर फॅक्टरीत उपयोगाचा असतो, घरचा मीटर मोजतो ती खरी वापरलेली वीज, तिच्यात त्याने काही फरक पडत नाही. ते खडे मी बोटाने टोकरून काढले, आमचे हे समोर बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. मी त्या रात्री जे बोलले ते बोलायला नको होतं. पैसे गेले ते गेले, पण त्यानंतर त्यांनी घरात कुठल्याही नवीन गोष्टीबद्दल उत्साहाने बोलणं बंद केलं, आणि ते आता नाहीत म्हणून ती दुरुस्ती करता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मिस्टरांशी पैशावरून भांडू नका, 'ते'बद्दल बोला. तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे, तुम्ही सहज लिहून गेलात, तीस वर्षं इनवर्ड इन्स्पेक्शन. म्हणजे बाहेरून आलेला प्रत्येक माल ह्या माणसाने मापून, तपासून, मग सही केली. सप्लायर कितीही गोड बोलला तरी सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट आत घेतला नाही. आणि मार्चपासून त्या माणसाची सही कुणाला लागत नाहीये. त्या ग्रुपवर त्यांना कुणीतरी रोज विचारतंय, सर तुमचं काय मत, काय असेल. मला वाटतं ओढ पैशाची नाही, त्या प्रश्नाची आहे. तो प्रश्न घरात विचारला गेला तर?

ह्या रविवारी सेव उसळचं टोळकं घरीच बोलवा. आल्या आल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, तुम्हीपण घ्या, प्रत्येकाने लिहायचं ते काय आहे, डब्यात टाकायचं, दिवाळीनंतर उघडायचं. सगळे हसतील, लिहितील मात्र मनापासून. मग तुम्ही मिस्टरांना सगळ्यांसमोर विचारा, अहो, हा माल तुमच्या गेटवर आला असता, ड्रॉइंग नाही, सॅम्पल नाही, टेस्ट सर्टिफिकेट नाही, तर तुम्ही काय केलं असतंत? हे टोमण्याच्या सुरात नाही विचारायचं ताई, खरंच विचारायचं, कारण त्या खोलीत याचं उत्तर सगळ्यात जास्त त्यांनाच येतं. आणि मग त्यांनाच ग्रुपवर लिहू दे, त्यांच्या भाषेत, की डिपॉझिटआधी सॅम्पल दाखवा, किती वॉट घेतं सांगा, एक लिटर पाणी उकळून दाखवा मीटर लावून, पेटंट अर्जाचा नंबर द्या, कंपनीचा रजिस्ट्रेशन नंबर द्या. बघा मग काय उत्तर येतं, का ग्रुपमधूनच काढून टाकतात.

एक बघून घ्या, आणखी माणसं जोडली की डिपॉझिट परत किंवा कमिशन, असं कुठे लिहिलंय का. माल न विकता माणसं आणून पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड स्कीम झाली, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत त्याला बंदी आहे. आणि तुम्हाला न सांगता त्यांनी टोकन म्हणून काही ऑनलाइन भरलेलं असेल, असू शकतं, विचारताना आवाज चढवू नका, तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा, जितकं लवकर तितकं बरं.

मुलाला सांगा या रविवारी फोन करून भांडण्याऐवजी त्यानेपण एक चिठ्ठी लिहून पाठवावी.

३० तारखेचं टेन्शन घेऊ नका. ज्या वस्तूने पाच वर्षांत सगळे सिलिंडर जाणार आहेत ती ३१ तारखेलापण असेलच की, तेव्हा बघून घ्या. दिवाळीनंतर डबा उघडलात की मिस्टरांची चिठ्ठी आणि तुमची, दोन्हींत काय लिहिलं होतं ते मला नक्की कळवा. तुमची आधी, कारण तुम्ही पत्रात ह्यांचा तर्क लिहिलात, मुलाचं लिहिलंत, पण तुम्हाला रात्री जागं ठेवणारं 'ते' काय आहे हे लिहिलंच नाहीत.